दिवस भरले तेव्हा

आपल्या मंडळ्यांमध्ये एक वाक्य वर्षभर कानांवर पडत असते: देवाची वेळ अचूक असते. मुलीचे लग्न जुळले की कोणीतरी ते म्हणते, मुलाला नोकरी लागली की म्हणते, आणि मयताच्या घरी बसायला गेल्यावर दुसरे काही सुचेनासे झाले की तेव्हाही म्हणते. नाताळच्या उपदेशात तर ते येतेच. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात येशूच्या येण्याचा संबंध काळाच्या पूर्णतेशी जोडला आहे, आणि त्याच दमात त्याला जन्म देणाऱ्या स्त्रीचाही उल्लेख केला आहे. उपदेश पहिल्या भागावर होतो. ती स्त्री बहुधा राहून जाते.

या वाक्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. देवाने तारणारा पाठवला तो योग्य वेळी पाठवला, असे आम्ही मनापासून मानतो. पण हिंगोली जिल्ह्यात राहून हे बोलायचे तर जपून बोलावे लागते. इथे पाऊस वेळेवर येत नाही, आणि येतो तेव्हा २०२५ च्या सप्टेंबरसारखा उभे सोयाबीन कुजवून जातो. मदतीची रक्कम, पुलाचे काम, दवाखान्यातला डॉक्टर, सगळ्यांचीच वाट पाहावी लागते. ज्यांचे आयुष्य वाट पाहण्यात जाते त्यांच्यासमोर अचूक वेळेची गोष्ट सांगायची तर ती त्यांच्या बाजूने सांगता आली पाहिजे.

ती वेळ योग्य का होती, याची एक ठरलेली यादी उपदेशांत ऐकायला मिळते. रोमी साम्राज्याने भूमध्य समुद्राभोवती रस्ते बांधले होते, ग्रीक भाषा बंदराबंदरांत समजत होती, यहुदी लोक दूरदूरच्या शहरांत विखुरले होते आणि त्यांच्या सभास्थानांत मशीहाची वाट पाहणारी माणसे शब्बाथामागून शब्बाथ जमत होती. हे सगळे खरे आहे. पौल याच रस्त्यांनी फिरला आणि याच भाषेत त्याने पत्रे लिहिली. पण ही नकाशा समोर ठेवून, उंचावरून केलेली मांडणी आहे. ज्या रस्त्यांनी सुवार्ता गेली त्याच रस्त्यांनी आधी सैन्य आले, मग करवसुली आली, आणि त्याच रस्त्यांच्या कडेला क्रूस उभे राहिले. ज्याच्या शेतातून तो रस्ता गेला त्याला तो काळ सोयीचा वाटला नसणार.

त्या काळी वेळ कोणाच्या मालकीची होती, हे आधी पाहिले पाहिजे. आजच्या तुर्कस्तानातील प्रीने या प्राचीन शहरात इ.स.पू. ९ मधील एक शिलालेख सापडला आहे. आशिया प्रांतातल्या शहरांनी असे ठरवले होते की, यापुढे वर्षाचा आरंभ कैसर औगुस्ताच्या वाढदिवसापासून, म्हणजे २३ सप्टेंबरपासून करायचा. त्या लेखात औगुस्ताला तारणारा म्हटले आहे आणि त्याचा जन्म ही जगासाठी शुभवार्तेची सुरुवात असल्याचे नोंदवले आहे. तारणारा, शुभवार्ता, जन्मदिवस, नव्या काळाचा आरंभ: नाताळची सगळी भाषा बेथलेहेमच्या आसपासच्या वर्षांत एका सम्राटासाठी दगडात कोरली जात होती. लूक येशूच्या जन्माची हकिकत सांगू लागतो तेव्हा पहिले नाव त्याच औगुस्ताचे घेतो. हुकूम निघतो, नावनिशी सुरू होते, माणसे घरे सोडून चालू लागतात. आणि मग काही ओळींतच सम्राट त्या हकिकतीतून निघून जातो. लूकला पुढे सांगायचे असते ते गव्हाणीतल्या बाळाबद्दल आणि रात्रीच्या राखणीला बसलेल्या मेंढपाळांबद्दल.

मराठवाड्याला हे समजायला अवघड जाऊ नये. निजामाच्या राज्यात महसूल फसली सनाने मोजला जात होता; इथल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर फसली साले अजून वाचायला मिळतात. राज्य ज्याचे, कालगणना त्याची, हा अनुभव आपल्या आज्या-पणज्यांनी घेतला आहे.

प्रभूच्या जन्मावरून वर्षे मोजण्याची रीत मात्र बरीच नंतर आली. इ.स. ५२५ च्या सुमारास रोममध्ये डायोनिसियस एक्झिगस नावाचा एक मठवासी ईस्टरच्या तारखांचे कोष्टक करत होता. तोवर अशा कोष्टकांत वर्षे डायोक्लिशियन सम्राटापासून मोजण्याची रीत होती, आणि डायोक्लिशियनने तर ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला होता. त्या छळणाऱ्याची आठवण आपल्या कोष्टकात नको म्हणून डायोनिसियसने वर्षे प्रभूच्या जन्मापासून मोजायला घेतली. आज बँकेचे पासबुक, सातबारा आणि शाळेचा दाखला त्याच मोजणीवर चालतात. पण ती मोजणी काही वर्षांनी चुकली. हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद बाळाच्या जिवावर उठलेला आहे. म्हणजे जन्म त्याच्याही आधीचा. २५ डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात कुठेच नाही. रोममध्ये ती पाळली जात असल्याची जुनी नोंद इ.स. ३३६ ची आहे, आणि आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते.

ज्याच्या जन्मावरून जग वर्षे मोजते त्याच्या जन्माचे वर्षही नक्की नाही आणि दिवसही नाही. काहींना यात अडचण वाटते. आम्हाला यात मोठा आधार वाटतो. सम्राटाचा वाढदिवस दगडावर कोरला गेला. मरीयेच्या बाळाची तारीख कोणी लिहून ठेवली नाही, कारण ज्या लोकांत तो जन्मला त्यांच्या जन्मतारखा कोणी लिहीतच नसे. आपल्या गावागावांत १ जून ही जन्मतारीख असलेली म्हातारी माणसे किती आहेत ते आठवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख. देवाचा पुत्र त्या माणसांच्या रांगेत येऊन उभा राहिला. वेळ अचूक होती, पण ती कोणाच्या दप्तरात नोंदवली जावी याची त्याला गरज वाटली नाही.

आता पौलाने जिचा उल्लेख केला त्या स्त्रीकडे येऊ. लूकने तिच्याविषयी अगदी साधे सांगितले आहे: ती दोघे बेथलेहेमात असताना तिचे दिवस भरले. संदेष्ट्यांची शतके, बाबेलचा बंदिवास, मलाखीनंतरची चारशे वर्षांची शांतता, पाँपेच्या फौजेने इ.स.पू. ६३ मध्ये घेतलेले यरुशलेम, या सगळ्या लांबच लांब काळाची पूर्णता शेवटी एका तरुण बाईच्या नऊ महिन्यांवर येऊन टेकली. आणि ते दिवस भरले तेव्हा ती माहेरीही नव्हती आणि सासरीही नव्हती. सरकारी हुकमामुळे शंभराहून अधिक किलोमीटरची वाट तुडवून ती परगावी आली होती, आणि उतरायला जागा नव्हती.

नाताळ येतो तेव्हा हिंगोली जिल्ह्यातली कितीतरी गावे आणि तांडे अर्धे रिकामे असतात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेक वेळा ती जुने देणे फेडण्यात संपलेलीही असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, या हिशेबाने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावात म्हातारी माणसे राहतात, कधी शाळेत जाणारी पोरे राहतात. फडाजवळ ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या उभ्या होतात. अंधारातच तोड सुरू होते. पोटुशी बाईसुद्धा मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. कित्येकींचे बाळंतपण फडाजवळच्या कोपीत होते आणि थोड्याच दिवसांत त्या पुन्हा कामाला लागतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली, आणि पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून बायका कोणत्या थराला जातात हे सगळ्या महाराष्ट्राने ऐकले.

इथे दोन वेळा एकमेकींसमोर उभ्या राहतात. कारखान्याच्या गळीत हंगामाची वेळ अशी आहे की तिच्यात बाईच्या शरीराला सवड नाही. पाळी नको, गर्भ नको, बाळंतपण नको. आणि देवाची वेळ अशी की ती एका बाईच्या शरीराच्या गतीने चालली. सगळे सामर्थ्य हातात असताना देवाने नऊ महिन्यांतला एक दिवसही कमी केला नाही. मळमळ, पाय सुजणे, पाठ भरून येणे, कळा, सगळ्यातून ती वेळ गेली. काळाची पूर्णता म्हणतात ती ही आहे. म्हणून नाताळच्या उपदेशात मरीयेला देखाव्यातली निळ्या पदराची मूर्ती करून बाजूला बसवणे आम्हाला पटत नाही. तिला काढले की वेळेचा मुद्दाच उरत नाही.

मग कठीण प्रश्न येतो. तारणारा योग्य वेळी आला असेल, तर त्याच्या आधी गेलेल्यांचे काय?

हिंगोलीला हा प्रश्न नवा नाही. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्याचा भाग असलेल्या या मुलखात त्या दिवशी स्वातंत्र्य आले नाही. ते यायला १३ महिने लागले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या मधल्या महिन्यांत रझाकारांच्या जुलुमाने गावे उठली, माणसे सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे यांनी या मुक्तिसंग्रामात प्राण दिले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांना मुक्तीचा दिवस दिसला नाही. आणि भारतीय फौजांच्या या पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कितीतरी निरपराध मुस्लिम घरांवर जे ओढवले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. मुक्तीच्या दिवसांतही काही आया रडत होत्या.

बेथलेहेमातही रडत होत्या. मत्तयाने ते लपवले नाही. मागी लोक निघून गेल्यावर हेरोदाने त्या गावातल्या आणि आसपासच्या दोन वर्षांच्या आतल्या मुलग्यांची कत्तल करवली. नाताळच्या नाटिकेत हा प्रसंग सहसा नसतो, आणि मुलांसमोर तो करू नये हे ठीकच आहे. पण मोठ्यांनी तो विसरू नये. तारणाऱ्याच्या येण्याची वेळ अचूक होती, आणि त्याच वेळी त्याच गावातल्या आयांच्या मांडीवरची मुले गेली. त्या आयांना त्या दिवशी कोणी जाऊन देवाच्या वेळेवर बोध केला असता तर ते पाप झाले असते. शास्त्र तसा बोध करत नाही. मत्तय तिथे राहेलीच्या जुन्या रडण्याची आठवण देतो आणि समजूत घालण्याच्या फंदात पडत नाही. ज्याच्यासाठी ही कत्तल झाली ते मूल मोठे होऊन स्वतः हेरोदाच्याच मुलाच्या काळात, रोमी सुभेदाराच्या हुकमाने मारले गेले, आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी झाली. बेथलेहेमच्या आयांना द्यायचे उत्तर असलेच तर ते तिथे आहे, आणि आमच्या विश्वासाप्रमाणे ते त्यांना त्यानेच द्यायचे आहे. आपण त्यांच्याजवळ बसावे.

वेळ आली तेव्हा ती ओळखली कोणी, हेही पाहण्यासारखे आहे. यरुशलेमात याजक होते, शास्त्री होते. हेरोदाने विचारल्यावर मशीहा बेथलेहेमात जन्मणार हे त्यांनी पुस्तकातून अचूक सांगितले, आणि कोणी उठून तिथवर गेले मात्र नाही. मंदिरात बाळाला आणले तेव्हा ते ओळखले शिमोन नावाच्या एका भाविकाने आणि हन्ना नावाच्या एका अतिशय म्हाताऱ्या विधवेने. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला, आणि तिने पुढचे सगळे आयुष्य मंदिरात उपास आणि प्रार्थना करत काढले. तिला बाळ दाखवायला देवदूत आले नाहीत, तारा आला नाही. ती रोज तिथे असायची, एवढेच.

हन्नाचे हे रोज तिथे असणे आपल्या जिल्ह्यातल्याच एका गोष्टीवरून समजून घेता येईल. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. अमेरिकेतल्या तशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती, सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. तेवढी वर्षे प्रवास करून आलेली ती लहर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा वेळ जाणवली आणि पुढे गेली. सुधारून नव्याने जोडलेल्या यंत्रांची अधिकृत निरीक्षणे सुरू व्हायला तेव्हा चार दिवस अवकाश होता. चाचणी चालू होती म्हणूनच ती सापडली. यातून देवाचे अस्तित्व सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही, विज्ञानावर असला भार टाकू नये. पण आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हन्नाबाईंची गोष्ट सांगताना दुधाळ्याचे नाव जरूर घ्यावे. येणारे येऊन जाते; तिथे कोणीतरी जागे असावे लागते.

आणि याच जिल्ह्याला जागे राहण्याची परंपरा आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० मध्ये नरसीला झाला असे परंपरा मानते, आणि औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांना देव सर्वत्र पाहायला शिकवल्याची कथा इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. देवाच्या भेटीसाठी जीव कासावीस होणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला संतांनी शिकवले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते ही तळमळ मागे टाकून आले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंगांतच ख्रिस्त गायला. आज आगमन काळात आपण जे गातो त्यात पंढरीच्या वाटेवरच्या माणसांची आस मिसळलेली आहे, याचे ऋण मराठी मंडळीने मान्य केले पाहिजे.

देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणारे माणूस कसे वागते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे द्यावे लागेल. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत भटकंती करत असताना उपासमारीने त्यांचे वडील अनंतशास्त्री गेले, आई लक्ष्मीबाई गेली, बहीण गेली. संस्कृतात पारंगत असलेले ते कुटुंब देवळांच्या दारांत आणि रस्त्यांवर भुकेने संपले. वेळेवर कोणीच आले नाही. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले आणि पायी चालत राहिले. पुढे काही वर्षांनी तोही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेले. संस्था परक्या देणग्यांवर कायम अवलंबून राहू नये, फळबागेच्या उत्पन्नावर चालावी, म्हणून केडगावला जमीन घेतली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि भुकेने मरू घातलेल्या, दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या मुली आणि विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, शहरात इतक्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, आणि फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या रानात मुक्ती सदन उभे राहिले. जमीन आधीच तयार होती.

रमाबाईंना यात देवाची वेळ दिसली. आम्हालाही दिसते. पण हे म्हणण्याचा अधिकार त्यांना होता, कारण ज्या भुकेतून आपल्या आईला सोडवायला कोणी आले नाही, त्याच भुकेच्या दारात बावीस वर्षांनी त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. आईबापांच्या मृत्यूला त्यांनी कधी योग्य वेळ म्हटले नाही. त्या आठवणीनेच त्यांना मध्य प्रांतात नेले.

आपल्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांना या नाताळात एक विनंती आहे. ऊसतोडीला गेलेली आपली कुटुंबे ज्या पट्ट्यात आहेत त्यात अहिल्यानगर जिल्हाही येतो, आणि राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर भागात जुन्या, भरलेल्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. टिळकांनी संसार केला ते राहुरी तिथेच आहे. तिकडच्या पाळकांना पत्र लिहा, फोन करा. आमच्या गावची माणसे तुमच्या फडांत आहेत, ती ख्रिस्ती असोत वा नसोत, असे सांगा. नाताळच्या आधी घरोघर फिरणाऱ्या कॅरल गाणाऱ्या पोरांचा फेरा या वर्षी कोप्यांवरून न्या म्हणा, आणि नुसते गाऊन परतू नका म्हणा. कोणत्या कोपीत कोणती बाई कितव्या महिन्यात आहे याची विचारपूस मंडळीतल्या बायकांनी करावी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे नाव घालावे, १०८ ची रुग्णवाहिका फडापर्यंत कोणत्या वाटेने येऊ शकते ते आधी पाहून ठेवावे आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर तिच्या नवऱ्याजवळ द्यावा. इकडे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आपण जाऊ. गळीत हंगाम अजून तीन महिने तरी चालेल, तेव्हा हे काम २५ डिसेंबरला संपणारे नाही.